मोकळाईला देऊळ का नाही

“नव्या सुनेला एवढ्यात ते शेत दाखवू नका. दरसाल नांगरतात आणि पेरत काहीच नाहीत, असं कळलं तर माहेरी सांगेल, वेड्यांच्या घरात दिलंत मला!”

हे काकू, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, स्वयंपाकघरात कुजबुजल्या. त्यांची कुजबुज भिंतीला जुमानत नाही. मी मागच्या दारी भांडी घासत होते. शेत तर मी वरातीच्या गाडीतूनच पाहिलं होतं. सावरीचा घाट उतरताना शेवटच्या वळणावर रस्ता एकदम डावीकडे वळतो. उजव्या हाताला दरी. आणि न वळता सरळ गेलं तर समोर चढावर एक लांबट पट्टा, नांगरलेला, भुसभुशीत, गवताची काडी नाही. हीच मोकळाई. देवीही तीच आणि शेतही तेच.

त्या सकाळी ट्रकवाले बेंद्रे शेठ जीपभर पाहुणे घेऊन आले, आणि माझे चुलतसासरे आबा त्यांना गोष्ट सांगायला शेतावर निघाले. चहाची किटली कुणीतरी न्यायला हवीच होती. मी उचलली.

असं सांगतात, आबांनी सुरुवात केली, की घाटाचा रस्ता तेव्हा नवाकोरा होता आणि त्यावर एकच सर्व्हिस मोटार धावायची. चालवणारा रावजी. मोटार आली की माणसं हातातलं काम टाकून बघत उभी राहायची. हे शेत आमच्या घरचं, नाचणीचं. त्या दिवशी आमच्या आजोबांची आई ठकूबाई इथे चढावर नांगर धरून होती. वरून भोंगा ऐकू आला. एकदा वाजला, दोनदा वाजला, मग थांबेचना. मोटारीचा ब्रेक गेला होता! आत बायका देवांची नावं घेतायत, टपावरच्या कोंबड्या खुराड्यासकट उडून पडतायत, आणि रावजी तेवढा दोन्ही हातांनी चाक धरून, दात आवळून बसलेला.

ही मोटार वळायची नाही, हे ठकूबाईने ओळखलं. बैल तसेच सोडून ती उतारावरून धावत सुटली. शेताच्या तोंडाशी काट्यांची वई, म्हणजे कुंपण होतं, ते तिने नुसत्या हातांनी उपसून फेकली आणि ओरडली, “आत घाल! आत घाल रे मुडद्या!”

रावजीने घातली. पुढची चाकं नांगराच्या तासांत रुतली, मागची रुतली, माती समोरच्या काचेपर्यंत उसळली, आणि मोटार अशी थांबली की बैलांनी मान पुढे करून तिचं नाक हुंगलं, म्हणे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

एका पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. किटली हातात नसती तर मीही वाजवल्या असत्या.

मग गावाने जे करायचं ते केलं. देवी पावली म्हणून जागा सपाट केली, धुम्मस मारून मारून जमीन दगडासारखी घट्ट केली, शेणाने सारवली, वर चौथरा बांधला. रावजीने घंटेचा नवस बोलला होता. पुढच्या साली तो घंटा घेऊन एकटाच घाट उतरत होता, आणि पुन्हा ब्रेक गेला.

इथे आबांचा आवाज खाली आला.

रावजी घाबरला नाही, म्हणे. आईची जागा पुढेच होती. त्याने मोटार सरळ आत घातली. पण धरून ठेवायला आत मातीच नव्हती. मोटार सारवलेल्या जमिनीवरून तशीच चढत गेली, चौथऱ्यावर आपटली, उलटी घरंगळली आणि दरीत गेली. घंटा खालपर्यंत वाजत गेली, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईने कुदळ घेऊन चौथरा फोडला. घरातली तीच एक चांगली जमीन होती, तरी तिने शपथ घेतली, इथे पेरायचं नाही, बांधायचं नाही, फक्त नांगरायचं. आई मातीत आहे, तिच्यावर दगड ठेवू नका. आता वरच्या निम्म्यात रस्ते खात्याने वाळू टाकलीय, अलीकडे ‘ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी’ अशी पाटीही लागलीय. पण आजही मोकळाईला हार नाही, नारळ नाही. नमस्कार करायचा तो हाताने एक ढेकूळ फोडून.

मी चहा ओतायला घेतला.

“काय आख्यायिका आहे!” बेंद्रे शेठ डोळे पुसत म्हणाले. “गेल्या साली माझा ट्रक हिनेच थांबवला. आणि हिच्या डोक्यावर साधं छप्पर नाही? आबासाहेब, सभामंडप असा करू की घाटावरून दिसेल. खाली फरशी, तुमच्या घराण्याची पाटी!”

“आईची इच्छा,” आबा म्हणाले. गोष्ट ते इतक्या वेळा सांगत आले होते की ऐकायचं कधीच सुटलं होतं. पाटीच्या नावाने मात्र ते चांगलेच फुलले होते.

तेव्हा मी नीट पाहिलं. शेताच्या तोंडाशी चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या आणि तेवढ्या भागावर रोलर फिरवूनही झाला होता. पायाने दाबून पाहिलं, टाच रुतली नाही. वर घाटात कुठलीतरी गाडी गिअर टाकत उतरत होती. माझे यजमान दुधाचा टेम्पो घेऊन रोज याच सुमाराला ह्या रस्त्याने उतरतात.

मी किटली खाली ठेवली. गड्यांच्या कुदळी बांधाला टेकवलेल्या होत्या, त्यातली एक घेतली, पदर खोचला आणि चुन्याच्या रेघेवरच पहिला घाव घातला.

“अगं, अगं सूनबाई!” आबा ओरडले. “पाहुण्यांसमोर हे काय चालवलंयस?”

लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर मी ‘हो’ आणि ‘वाढू का’ याच्या पलीकडे काही बोलले नव्हते. दुसरा घाव घातला, मातीचं ढेकूळ उलटलं, आणि म्हटलं,

“ह्यांची गाडी घाटाला लागायची वेळ झालीय, आबा. मंडप रस्त्याच्या पलीकडे बांधा, पायाचे दगड मी स्वतः वाहीन. पण आत्ता एक कुदळ तुम्ही घ्या, एक शेठना द्या.”