राक्षसपायऱ्या आणि बुटकं दार

फार फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक गवंडी राहत असे. हात कसबी, पण तोंडात सदानकदा 'का?' त्याची बायको वैतागून म्हणे, "अहो, जेवायला वाढलं तरी विचाराल, ताट गोलच का?"

त्या गावातल्या जुन्या घरांची जोती पुरुषभर उंच होती. वर चढायला तीनच पायऱ्या, पण एकेक पायरी मांडीइतकी! चढताना म्हातारीकोतारी मेटाकुटीला येत. तरी गावाला या पायऱ्यांचा भारी अभिमान. "आमचे पूर्वज राक्षसासारखे धिप्पाड होते," असं जो तो छाती फुगवून सांगे. त्या दगडांना नावच पडलं होतं राक्षसपायऱ्या.

एके वर्षी गावानं ठरवलं, राक्षस गेले, आता आपल्या मापाची घरं हवीत. जुनी पाडून जमिनीलगत नवी बांधायची. काम गवंड्याला मिळालं. सुरुवात होती बियाण्याच्या कोठारापासून.

पहार घेऊन तो आत शिरायला गेला आणि चौकट कपाळावर खाड्कन आपटली. कपाळ चोळत तो पायरीवर बसला. पूर्वज एवढे उंच, तर दार एवढं बुटकं का?

त्यानं जोत्याचा चुना खरवडला. आत वाळलेला गाळ होता, आणि त्यात नदीतले इवलेसे शिंपले. दुसऱ्या पायरीच्या वरपर्यंत.

तो तडक पाटलाकडे गेला. "पाटील, पूर्वज आपल्याएवढेच होते. उंच होतं ते पाणी. लहान दगड वाहून जातात, म्हणून त्यांनी मोठे बसवले."

पाटील हसला. "अरे, नदीनं पात्र सोडलेलं माझ्या आजोबांनीही पाहिलं नाही. पूर्वज नम्र होते, वाकून आत जात. तुला काम करायचंय की नाही?"

गवंड्याला घर आठवलं. हातचं काम गेलं तर खायचं काय? तरी तो म्हणाला, "कोठारावर माझी पहार पडायची नाही."

"मग राहू दे ते तसंच. यापुढे पोती तूच चढव!" पाटील कडाडला.

परगावचा गवंडी आला, नवी घरं उभी राहिली. आपला गवंडी मिळेल ती मजुरी करी आणि दरवर्षी पोती चढवी. "काय राक्षस, दमलात का?" येणारेजाणारे टोमणे मारत. त्याला वाईट वाटे, पण तो चढवत राही.

चौथ्या वर्षी भरदुपारी नदी फुगली. माणसं गुरं घेऊन टेकडीवर पळाली. पाणी ओसरल्यावर परतली, तर घरोघरी चिखल आणि कुजलेलं धान्य. आता पेरायचं काय?

सगळे कोठाराकडे धावले. ओल दुसऱ्या पायरीच्या वर येऊन थांबली होती. पाटील वाकून आत शिरला. कोरड्या बियाण्यात हात घालताच त्याला रडू कोसळलं.

"पूर येणार हे तुला कसं रे कळलं?"

"कळलं कुठं, पाटील? दार बुटकं का, एवढंच विचारलं."

त्या दिवशी बायकोनं गवंड्यापुढे ताट ठेवलं आणि समोरच बसली. म्हणाली, "हं, विचारा आता काय विचारायचं ते."

तात्पर्य: पूर्वजांचा अभिमान खुशाल धरावा, पण त्यांनी जे केलं ते का केलं, हे विचारल्याशिवाय त्यावर पहार उचलू नये.