कड्यावरचा वाद

निंबाजीबुवा कीर्तनकार आणि भानू वैद्य यांचा ‘देव आहे की नाही’ हा वाद वीस वर्षं चालला होता, पण एकानं दुसऱ्याला कधी अरेतुरे केलं नाही. राजाला मात्र वाद म्हटलं की रक्तच लागे. एका दुपारी त्यानं दोघांना गडाच्या कड्यावर उभं केलं.

“आज निकाल लावा. हरेल त्याचा कडेलोट!”

बुवांच्या पायाखालचा खडा निसटला. तो तळाशी पडल्याचा आवाज कुणालाच आला नाही. वैद्यानं बुवांचा हात घट्ट धरला.

“महाराज,” तो म्हणाला, “याचं उत्तर मेल्याशिवाय मिळायचं नाही. कळलंच तर ढकललेल्याला कळेल. वर उभा राहील तो कोराच राहील. तेव्हा उत्तर ज्याला हवंय, त्यानं पुढं यावं.”

राजा नकळत दोन पावलं मागं सरला. मग घसा खाकरून म्हणाला, “जा. चालू द्या तुमचा वाद.”

गड उतरताना बुवा पुटपुटले, “वैद्यराज, हे देवानंच सुचवलं तुम्हाला. आता तरी माना!”

“उद्या बोलू, बुवा. आज मी इतका भ्यालोय, की कशालाही हो म्हणेन.”