तीन झडपांचा भाव

समुद्राकाठच्या एका गावात विसाजीपंत नावाचे एक वैद्य राहत होते. त्यांनी टेकाडावर नवे घर बांधले आणि त्याला आठ खिडक्या ठेवल्या. पण पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पाणी आत येई. वाळवून ठेवलेल्या मुळ्यांना, पाल्याला बुरशी धरे. दोन वर्षे निम्मी औषधे फेकून द्यावी लागली. तेव्हा खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा बसवायच्या, असे वैद्यांनी ठरवले.

दौलत सुताराने रस्त्यावरूनच खिडक्या मोजल्या. म्हणाला, "आठ झडपा, ऐंशी रुपये. परवा काम सुरू करतो."

मग काशिनाथ सुतार आला. तो आधी घराभोवती हिंडला. पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो ते विचारले. चौकटीशेजारच्या भिंतीला कान लावून बोटाने टकटक केली. हा माणूस शोधतोय तरी काय, म्हणून वैद्य औषध कुटायचे सोडून त्याच्या मागे फिरू लागले.

शेवटी काशिनाथ म्हणाला, "झडपा तीनच हव्यात, पश्चिमेच्या. बाकीच्या पाच खिडक्यांना पाऊस लागत नाही. एकशेदहा रुपये पडतील."

"आठांपेक्षा तीन महाग?" वैद्यांच्या पत्नी उमाबाई दारातून म्हणाल्या.

वैद्यांच्याही मनात तेच आले होते. पण घासाघीस न करता त्यांनी विचारले, "एवढे का, ते सांग."

काशिनाथने पटाशी त्यांच्या हातात दिली. "चौकटीशेजारच्या भिंतीच्या कडेला टोचून बघा."

वैद्यांनी टोचले. पटाशी मुठीपर्यंत आत गेली आणि भिंतीचा ओला भुगा खाली सांडला.

"इथं बिजागरी ठोकली तर पहिल्या वादळात झडप जाईल," काशिनाथ म्हणाला. "ही कड काढून नव्यानं बांधावी लागेल. जास्त खर्च त्याचाच आहे."

वैद्यांनी पश्चिमेच्या उरलेल्या दोन खिडक्यांपाशीही स्वतः टोचून पाहिले; तिथेही तसाच भुगा निघाला. मग काम काशिनाथला दिले.

शेजारचे खोबऱ्याचे व्यापारी अंताजीशेट हसले. त्यांचे घरही वैद्यांचे घर बांधणाऱ्या गवंड्यानेच बांधलेले होते. त्यांनी दौलतकडून आठ झडपा बसवून घेतल्या. लांबून घर मोठे देखणे दिसू लागले.

श्रावणात वादळ आले. अंताजीशेटांच्या पश्चिमेकडच्या झडपा बिजागऱ्यांसकट उखडून अंगणात पडल्या. घरात पाणी शिरले. खोबरे भिजलेच, पण त्यांची लहान नात गारठून तापाने फणफणली. वैद्यांच्या घरात औषधे कोरडी होती. त्यांनी तीन दिवस काढा दिला, तेव्हा पोरीचा ताप उतरला.

चौथ्या दिवशी अंताजीशेट आले. हळूच म्हणाले, "वैद्यबुवा, तुमच्यासारख्या झडपा बसवायला मला किती पडतील?"

"ते मला कसं कळणार, शेट?" वैद्य पायात वहाणा सरकवत म्हणाले. "चला, आधी तुमची भिंत बघू."

तात्पर्य: किंमत ऐकताच ती स्वस्त की महाग हे ठरवू नये, ती कशाची आहे, हे आधी विचारावे आणि स्वतः पाहावे.