पाच पाटांचा मांडव

एकदा एक नदी आपले जुने पात्र सोडून दुसरीकडून वाहू लागली. तिने कोणाला विचारले नाही, कोणाला कळवले नाही. एका पुरात तिने कूस बदलली, आणि पाणी ओसरल्यावर लोक पाहतात तो काय, जिथे नावा चालत तिथे गोटे उन्हात वाळत पडलेले, आणि जिथे हरभऱ्याची शेते होती तिथून खोल प्रवाह चाललेला. प्रवाहाच्या मधोमध एक बेट उरले. ज्यांची शेते गेली ती माणसे त्या बेटावर झोपड्या घालून राहू लागली.

या नदीच्या काठी पाच राज्ये होती. दर उन्हाळ्यात पाचांचे दूत एका मांडवाखाली बसत आणि वर्षभराच्या पाण्याचा व नावांचा करार करीत. कोणी कोठे बसायचे, कोणी आधी बोलायचे, याचे नियम पणजोबांच्या काळचे होते. नदी हलली, पण नियम हलले नव्हते.

सभेची व्यवस्था एका वृद्ध आचार्यांकडे असे. राज्याराज्यांतले तंटे मिटवणारे मध्यस्थ घडवणारी त्यांची पाठशाळा होती. त्या वर्षी त्यांनी सभेचा सगळा भार एका शिष्येवर सोपवला. ती दूरदेशीच्या मोठ्या विद्यापीठात शिकून नुकतीच परतली होती. जगातले बहुतेक करारनामे तिला मुखोद्गत होते, आणि माणसे एकत्र बसली की जग सुधारते यावर तिची मनापासून श्रद्धा होती. सभा पार पडली तर आचार्य तिला मध्यस्थ म्हणून पुढे पाठवणार होते. मोडली तर काय, हा विचार ती टाळत होती. कारण खालच्या अंगाच्या राज्यांत धान्य संपत आले होते, वरच्या घाटांवर नावा भरून उभ्या होत्या, आणि करार झाल्याशिवाय त्यांतली एकही हलणार नव्हती.

तिने तयारीत काही कमी ठेवले नाही. उंच काठावर मजुरांकडून देखणा मांडव घातला. पाच दूतांसाठी सागवानी पाट करवले, प्रत्येकावर त्या त्या राज्याचे चिन्ह कोरले. पाटांची उंची नियमाप्रमाणे वेगवेगळी. सर्वांत उंच पाट डोंगरी राज्याचा, कारण नियम ठरले तेव्हा ते सर्वांत बलाढ्य होते. आता त्याच्या दूताच्या शेल्याला ठिगळ होते, तरी पाट उंचच. सर्वांत बुटका पाट बंदराचा, कारण तेव्हा ते चार होड्यांचे गाव होते. आता त्याच्या व्यापारावर पाचही राज्ये जगत होती, तरी पाट बुटकाच. शिष्येला हे खटकले होते. पण नियम म्हणजे नियम, असे तिला शिकवले होते.

सभेच्या आदल्या दिवशी, ऊन उतरता उतरता, एक लहान होडी काठाला लागली. तीतून एक मध्यमवयीन बाई आणि दोन गडी उतरले.

“आमची जागा कुठली?” बाईने विचारले.

“आपण कोणत्या राज्याकडून आलात?”

“बेटाकडून.”

“बेट हे राज्य नाही, बाई.”

“ते आम्हाला ठाऊक आहे की. पण नावा तर आमच्याच दारावरनं जातात.”

शिष्येने आदराने विचारले, “आपली पदवी?”

“पदवी कुठली आणायची? सगुणा म्हणतात मला.”

शिष्येने समजावले की सभा पाच राज्यांची आहे. मात्र त्यांपैकी एखाद्या राज्यामार्फत बेटाला आपले म्हणणे मांडता येईल.

“कुठल्या?” सगुणा म्हणाली. “पाचातल्या एकानं तरी आम्हाला आपलं म्हटलंय का?”

सगुणाने मान वर करून मांडव न्याहाळला. “चांगला बांधलाय,” ती म्हणाली. “उद्या आम्हीही बांधू. बेटापासून दोन्ही काठांपर्यंत दोर. मग बघू, नावा कुणाला विचारून जातात ते.”

होडी गेली. शिष्या धावतच आचार्यांकडे आली. ते ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

“तू काय सांगितलंस तिला?” त्यांनी विचारले.

“नियमात होतं तेच.”

“बरोबर सांगितलंस.”

“मग आता काय करायचं?”

“आता झोप,” आचार्य म्हणाले आणि पुढची शेंग फोडली.

ती झोपायला गेली खरी. पण ‘बरोबर’ हा शब्द तिला आधार देण्याऐवजी रात्रभर टोचत राहिला.

सकाळी उठून पाहते तर काठावर मांडव नव्हता. मेढींच्या, म्हणजे मांडवाच्या खांबांच्या, जागी खड्डे होते आणि कापलेल्या सुंभाच्या दोरांचे तुकडे इकडेतिकडे पडले होते. खाली, अगदी पाण्याजवळच्या वाळूवर, मेढी, वासे आणि झावळ्यांच्या झापांचा ढीग घातलेला. शेजारी तिचे पाच पाट एकावर एक रचलेले. आणि आचार्य एका खडकावर शांत बसलेले.

“गुरुजी, हे कोणी केलं?”

“मी करवलं. मांडव इथं खाली हवा.”

“पण मजूर?”

“त्यांना सुट्टी दिली.”

“अहो, दूत यायची वेळ झाली!”

“म्हणून तर. माणसं लागतीलच ना,” असे म्हणून त्यांनी डोळे मिटले.

शिष्येला रडू यायचे तेवढे बाकी राहिले. वयामुळे गुरुजींची बुद्धी चळली, की आपली परीक्षा आधीच संपली आणि आपण नापास झालो? तिला काहीच उलगडेना. तोवर दूतांच्या पालख्या आल्याच. वैशाखाचे ऊन वाळूवरून उलटून तोंडावर मारत होते, आणि आसपास सावलीला झाड नव्हते.

“आम्हाला सभेला बोलावलंय की लग्नघरी राबायला?” डोंगरी राज्याचे वृद्ध दूत कडाडले.

“लग्नघरी निदान जेवायला तरी मिळतं, महाराज,” बंदराचा व्यापारी म्हणाला. तो जाडजूड होता आणि घामाने निथळत होता. “इथं आपणच शिजतोय.”

सगळे शिष्येकडे पाहू लागले. ती हात जोडून एवढेच म्हणाली, “मांडव घालायचा आहे. मला एकटीला जमणार नाही.”

मग व्यापाऱ्याने पागोटे उतरवले, उपरणे कमरेला आवळले आणि एक मेढ उचलली. “माझं डोकं तापलं की तांदूळ महागतो,” तो म्हणाला. “त्यापेक्षा हे बरं.” बाकीचे तिघे दूत हसले आणि पुढे आले. मग पालख्यांचे भोईही आले. डोंगरी दूत मात्र ताठ उभे होते. त्यांच्याकडे पाहून व्यापारी पुटपुटला, “सुंभ जळतो, पण पीळ काही जळत नाही.”

ते म्हाताऱ्याने ऐकले. “पीळ काय असतो ते दाखवतो तुला!” म्हणत त्यांनी शेला फेकला आणि सरळ मधल्या मेढीला खांदा लावला.

मेढी उभ्या राहिल्या, आडवे वासे चढले, झापा पडल्या. आणि मग सगळेच हळूहळू खचू लागले. ओल्या वाळूत मेढी रुतत होत्या. एक बाजू बसली की दुसरी उचलली जायची. नदीवरचा वारा झापांखाली शिरला आणि छप्पर शिडासारखे फुगले. कोणालाही हात सोडता येईना, कारण जो सोडेल त्याच्या शेजाऱ्याच्या डोक्यावर वासा येणार होता.

“अगं पोरी, खाली काही सपाट दे!” व्यापारी ओरडला. “फळी, दगड, काहीही!”

शिष्येने चहूकडे पाहिले. वाळू होती, पाणी होते आणि तिचे पाच पाट होते.

ती क्षणभरच थांबली. आपण काय करतो आहोत हे तिला नीटसे कळले नव्हते. मग तिने एकेक पाट उचलला आणि सगळ्यांनी मेढी उचलून धरल्या तसा त्यांच्याखाली सारला. डोंगरी राज्याचा उंच पाट मधल्या मेढीखाली गेला, तोही उलटा. कोरलेला गरुड वाळूत तोंड खुपसून बसला. म्हाताऱ्या दूतांनी ते पाहिले. पण मेढ त्यांच्याच खांद्यावर होती आणि आता ती रुतत नव्हती. त्यांनी खांदा आणखी घट्ट लावला.

“दोर!” कोणीतरी ओरडले. “बांधायचं कशानं?”

सुंभ तर कापलेले. शिष्या वळली. दहा हातांवर बेटाची होडी लागलेली होती. सगुणा खांद्यावर जाड दोराचे वेटोळे घेऊन उभी होती. नदी बंद करायचा दोर तो हाच. ती किती वेळ पाहत होती कोण जाणे.

“तुमचा दोर द्याल?” शिष्येने विचारले.

“सभेत जागा नाही म्हणाला होतात.”

काल याच बाईसमोर शिष्येकडे नियम होता. आज तिच्याकडे वाळूने भरलेले दोन हात होते.

“जागा अजून बांधून झालेली नाही,” ती म्हणाली. “या.”

सगुणाने तिच्याकडे पाहिले, मांडवाकडे पाहिले, गरुडावर उभ्या मेढीकडे पाहिले. “धरा रे,” ती आपल्या गड्यांना म्हणाली.

मांडव उभा राहिला. वाकडा होता, पण उभा होता. सगळे सावलीत वाळूवर टेकले, ज्याला जिथे दम लागला तिथे. पाट मेढींखाली होते, त्यामुळे कोणी उंच बसले नाही की बुटके बसले नाही. डोंगरी दूत सगुणाकडे पाहून काहीतरी बोलणार होते. त्यांची नजर वर गेली.

“बाई, तो दोर घट्ट आहे ना?”

“तुम्ही उठेपर्यंत तरी आहे,” सगुणा म्हणाली.

म्हातारा प्रथमच हसला. मग बोलणी सुरू झाली. समोर बेट स्पष्ट दिसत होते, झोपड्या, वाळत घातलेली धोतरे, सगळे. भांडणे झाली, आवाज चढले. बेट कोणाचे हा प्रश्न सुटला नाही. पण या हंगामापुरता करार झाला, सहा जणांच्या संमतीने, आणि दिवे लागायच्या सुमारास धान्याची पहिली नाव बेटाला वळसा घालून खाली गेली.

शिष्या आचार्यांसमोर येऊन उभी राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता; झाला होता तो गोंधळ.

“गुरुजी, सुंभ का कापलेत? सोडवून ठेवता आले असते.”

“सोडवून ठेवले असते तर तू मांडव पुन्हा होता तसाच बांधला असतास.”

“मग मी शिकून आले ते सगळं व्यर्थ?”

“नाही, बाळ. ते नियम खरे होते. पण ज्या दिवशी ते बांधले त्या दिवसाची नदी, त्या दिवसाची माणसं त्यांत होती. आता नदी हलली आहे, उद्या आणखी हलेल. माझ्या तरुणपणी राज्यं पाच होती, आज सहावं दारात आहे, तू म्हातारी होशील तेव्हा किती असतील आणि कुठलं मोठं, कुठलं लहान, ते मी सांगू शकत नाही. तुला उद्याच्या मांडवाचा नकाशा द्यावा, तर तो माझ्याजवळच नाही. अनोळखी माणसांबरोबर, उन्हात, पाय रुतत असताना मेढ कशी धरायची, एवढंच शिकवता येतं. आणि तेही सांगून नाही.”

“म्हणजे सगुणा दोर घेऊन येईल आणि सगळं असं होईल, हे तुम्हाला माहीत होतं.”

“दोर आणेल हे तूच सांगितलंस. बाकी काही माहीत नव्हतं,” आचार्य म्हणाले. “मला वाटलं होतं, निम्मे दूत पालखीत बसून परत जातील. आणि पाटांचं तर माझ्या स्वप्नातही नव्हतं. ते तुझं.”

ती चकित होऊन त्यांच्याकडे पाहत राहिली. हा माणूस काहीच न जाणता डोळे मिटून खडकावर बसला होता!

“मग पुढच्या वर्षी मांडव कुठं घालायचा?” तिने विचारले.

“मला काय विचारतेस? नदीला विचार. मध्यस्थ तू आहेस.”

हे शेवटचे वाक्य तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तोवर आचार्य काठी टेकत चढावर निघाले होते. ती मांडवात परतली. सगुणाचा दोर परत करायचा होता. गाठ ओली होऊन करकचून बसली होती. कोणीतरी कोयता पुढे केला. तिने मान हलवली आणि नखांनी, सावकाश, ती गाठ उकलू लागली.

जगाच्या सभांमध्ये बसण्याची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आसनांचा क्रम जरूर पाठ करावा. पण वेळ आली तर कोणता पाट मेढीखाली द्यायचा, हेही त्यांच्या हातांना ठाऊक असावे.