दुसऱ्या भाषेतली दवंडी

समुद्रापलीकडच्या डोंगराळ मुलखावर स्पेनच्या राजाची सत्ता होती, त्या काळची ही गोष्ट. तिथल्या एका शहरात बाल्तासार नावाचे वृद्ध न्यायाधीश होते. न्यायदान आणि राज्यकारभार दोन्ही त्यांच्याच हाती. लाच त्यांनी कधी घेतली नाही, कुणा धनिकाच्या मेजवानीला गेले नाहीत. लिआंद्रो हा तरुण वकील त्यांच्या हाताखाली शिकत होता. आपले गुरू म्हणजे मूर्तिमंत न्याय, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बाल्तासारांची कारकीर्द संपली. राजाचा दंडक असा होता, की पद सोडणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या कारभाराची चौकशी पुरी होईपर्यंत शहर सोडायचे नाही. बाहेरून दुसरा न्यायाधीश येई, दवंडी पिटली जाई आणि ज्याची तक्रार असेल त्याने निर्भयपणे पुढे यावे, असे जाहीर होई.

बाल्तासारांच्या नावाने दवंडी फिरली. कोणी फिरकले नाही. चौकशीचा अखेरचा दिवस आला तरी दालन रिकामेच. राजधानीतले मोठे पद गुरूंची वाट पाहत होते आणि ते लिआंद्रोलाही सोबत नेणार होते. तो धावतच त्यांच्याकडे आला.

"गुरुवर्य, तक्रार कुणाचीच नाही!"

आनंद होण्याऐवजी वृद्धाच्या कपाळावर आठी चढली. "दवंडी कुठे पिटली?"

"चौकात, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर."

"कोणत्या भाषेत?"

"आपल्याच. स्पॅनिशमध्ये."

"आणि डोंगरातल्या ज्या माणसांवर मी इतकी वर्षे हुकूमत गाजवली, त्यांना स्पॅनिश समजते?" बाल्तासारांनी विचारले. "मग ही चौकशी आहे की सोंग?"

ते तडक उठले, चौकशीच्या न्यायाधीशांपुढे जाऊन उभे राहिले आणि मुदत वाढवून मागितली. दवंडीवाल्यासोबत दुभाषा द्या, डोंगरातल्या गावागावांतून त्यांच्या बोलीत हाक द्या, असा हट्टच त्यांनी धरला. न्यायाधीश चक्रावले. स्वतःविरुद्ध फिर्यादी शोधत फिरणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता.

लिआंद्रोचा तिळपापड झाला. घरी आल्यावर त्याने हातातली टोपी भिंतीवर भिरकावली. "सुटला होतात तुम्ही! निष्कलंक सुटला होतात. तुमच्या नावाला डाग लागेल, तो माझ्याही लागेल. हा पोरखेळ कशासाठी?"

गुरूंनी वाकून टोपी उचलली आणि खुंटीला अडकवली.

दवंडी डोंगरात पोहोचली आणि माणसे उतरू लागली. बहुतेकांच्या तक्रारी शिपायांच्या दांडगाईच्या होत्या. मग सिसा नावाची एक प्रौढ बाई आली. ती वाकली नाही की तिने हात जोडले नाहीत. दुभाष्याकडे न पाहता ती थेट बाल्तासारांकडे पाहून बोलू लागली, आणि दुभाषाच तिच्या शब्दांमागे धापा टाकत गेला.

"आमच्या गावाचा पाट तुम्ही गिरणीवाल्याला दिलात. वरच्या ओढ्याचं पाणी. आमच्या आजोबा-पणजोबांनी खोदलेला पाट तो."

बाल्तासार आठवू लागले. "त्या खटल्यात गावाची हरकत नव्हती. मी तीनदा विचारले होते."

"कुणाला विचारलंत? आम्ही सगळे बाहेर अंगणात होतो. सकाळपासून ओरडत होतो. शिपाई म्हणाला, गोंगाट करू नका, साहेब आत काम करतात. आत तुम्ही तुमच्या भाषेत विचारत होतात आणि बाहेर आम्ही आमच्या भाषेत सांगत होतो. मधे दार होतं. ते कुणी उघडलं नाही!"

बाल्तासारांनी मान खाली घातली. "गोंगाट ऐकल्याचे मला आठवते," ते म्हणाले. "खिडकी लावून घ्या, असे मीच सांगितले होते."

निकाल लागला. पाट गावाला परत मिळाला. बाल्तासारांना पुन्हा न्यायासनावर बसण्यास मनाई झाली. राजधानीचे पद गेले.

बाहेर अंगणात लिआंद्रोने सिसाला अडवले. दुभाषा मधे होताच. "झालं ना मनासारखं? एका सज्जन माणसाला धुळीला मिळवलंस. तुझं पाणी तर मिळालं!"

"मिळालं," सिसा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, आवाज मात्र फाटला होता. "पिकवायचं कुणी? पाणी गेलं तशी शेतं गेली. शेतं गेली तसे माझे दोन्ही मुलगे खाणीत गेले. ते परत आले नाहीत. तुझ्या सज्जन माणसाला सांग, त्यांच्यासाठीही दवंडी पीट म्हणावं."

ती निघून गेली. लिआंद्रो पेटलेला होता, पण आता कुणावर चिडावे हेच त्याला कळेना. तो गुरूंकडे गेला तेव्हा ते न्यायाधीशाचा काळा झगा घडी घालून ठेवत होते.

"तुम्ही तर वाईट नव्हता," तो जवळजवळ ओरडलाच. "पैसा घेतला नाहीत, कुणाची भीड धरली नाहीत. मग हे असे कसे झाले?"

"म्हणूनच मला माझा राग येतो," बाल्तासार म्हणाले. "लाच घेतली असती, तर निदान रात्री झोप उडाली असती. मी निवांत झोपलो. समोरचा गप्प आहे म्हणजे त्याला मान्य आहे, असे धरून मी त्या गावाचे पाणी काढून घेतले. आणि गावे गप्प आहेत म्हणजे मी निर्दोष, असे धरूनच या चौकशीतून सुटलो असतो. एकच अन्याय दोनदा झाला असता, लिआंद्रो, आणि दुसऱ्यांदा लोकांनी मला हार घातले असते. ज्याच्यापर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही, त्याच्या मौनाला उत्तर समजू नये."

लिआंद्रोने झग्याचे दुसरे टोक धरले आणि तो घडी पुरी करू लागला.

पुढे त्याच शहरात नव्या न्यायाधीशाच्या हाताखाली त्याला काम मिळाले. पहिल्याच दिवशी एक व्यापारी कुरणावर हक्क सांगत उभा होता. मागे भिंतीला टेकून डोंगरातली काही माणसे निमूट उभी होती.

"यांची काही हरकत नाही," व्यापारी हसून म्हणाला. "पाहा ना, एक अक्षर बोलत नाहीत."

लिआंद्रो ताडकन उठला. "दुभाषा बोलवा!"

"अहो, तो येईपर्यंत दिवस मावळेल."

"मावळू दे!" लिआंद्रो गरजला. त्याचा आवाज सगळ्या दालनात घुमला, आणि त्याला त्याची मुळीच लाज वाटली नाही. मग तो भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांकडे वळला आणि त्यांना बसायला बाक ओढून दिला.