कड्यावर अंथरलेली घोंगडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटावरून कोकणात उतरायला तेव्हा गाडीरस्ता नव्हता. त्या काळात उंबरदरी नावाचं एक गाव कड्याच्या अगदी काठाला बसलेलं होतं. मागच्या दारानं राखेची पाटी उपडी केली तर राख कोकणात पडायची, असं म्हणतात. त्या गावात तान्ही नावाची म्हातारी राहायची. नाव तान्ही, आणि वय इतकं की मोजायचं कुठून ते तिलाही आठवत नव्हतं.

गावाचा धंदा मधाचा. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लागायची. अमावास्येच्या अंधारात माशा निजल्या की गडीमाणसं दोराला लटकून खाली उतरायची, धूर द्यायची आणि पोळी कापून आणायची. दिवसाउजेडी त्या माशांच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती. दोर मात्र बायकांनी वळायचे. तान्ही वाखाचा दोर असा वळायची, की माणसं दोराला लटकून गप्पा मारायची म्हणतात. एवढं वळून तिचा स्वतःचा पाय मात्र कधी कड्याखाली गेला नव्हता. बायकांनी उतरायचं नसतं, असा नेम होता.

दोर कुणी धरायचा याचाही नेम होता. उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ असेल त्यानं धरायचा. मुलानं नाही, भावानं नाही. माणूस पडला तर त्यांच्या वाट्याला जमीन येते. मेव्हण्याची मात्र बहीण विधवा होते, म्हणून तो जिवापाड धरतो. ज्याचं काही जातं त्यानंच दोर धरावा, एवढं साधं सूत्र होतं, आणि ते कुणी मोडत नसे.

आणखी एक रीत होती. माणूस म्हातारा झाला की दसऱ्याच्या दिवशी गाव जमायचं आणि पाटील त्याच्या खांद्यावर नवी घोंगडी घालायचा. गडी असेल तर त्याचा दोर कडजाई देवीच्या देवळात तुळईला टांगायचे. घोंगडी पांघरली की सुटलास. काम करायचं नाही, पारावर बसायचं, वेळेला भाकरी मिळेल ती खायची आणि काही मागायचं नाही. घोंगडी चांगली जाड असायची. ऊबही यायची. तरी तिच्याखाली बसलेली माणसं लवकर लवकर मरायची, हे गावाच्या ध्यानात येत नव्हतं.

आता तान्हीच्या मनात काय होतं ते ऐका. तिचा नवरा केरू. एका अमावास्येला केरूचा दोर कपारीत अडकला आणि तो कड्याच्या पोटातल्या घळीत दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत अडकून पडला. वर काढल्यावर पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "तान्हे, म्या समुद्र बघितला. ताटाएवढा. सूर्य त्यात भाकरीवानी बुडाला."

गाव हसून हसून लोळलं. दिवसभराच्या उपाशी माणसाला ताट आणि भाकरी दिसणार नाही तर काय दिसणार? वरून बघावं तर कड्याची एक सोंड आडवी यायची, ती चुकते फक्त घळीतून; आणि बाकीचे सगळे अंधारात उतरायचे आणि अंधारात वर यायचे, त्यामुळं खरंखोटं कोण करणार? तान्ही तेवढी हसली नाही. केरू तिला म्हणाला, "तुला एकदा दावीन." आणि दाखवायच्या आधीच तापानं गेला. त्याचाही दोर तुळईवर गेला.

तान्हीनं पोरगा वाढवला, सून आणली, नातवंडं खेळवली. पण समुद्र काही तिच्या डोक्यातून गेला नाही. गावाचे दोर वळून झाले की ती रोज स्वतःसाठी वीतभर दोर वळायची. सून हिरू विचारायची, "आत्याबाई, हे काय वळताय?" तान्ही म्हणायची, "वासराला दावं." एवढ्या लांब दाव्याला वासरू हत्तीएवढं लागलं असतं. हिरूला कळायचं, पण ती बोलली नाही. बाकी सगळ्या गोष्टींवरून दोघींचं रोज वाजायचं. चुलीवरून, चटणीवरून, चटणीत मीठ कुणी घातलं यावरून. त्या दोघी गप्प बसल्या तर शेजारीपाजारी घाबरून बघायला यायचे, असं म्हणतात.

असाच एक दसरा उजाडला. पावसानं धुतलेलं लख्ख आभाळ. गाव देवळापुढं जमलं आणि बहिरू पाटील नवी कोरी घोंगडी घेऊन तान्हीपुढं उभा राहिला. तान्ही एक पाऊल मागं सरली.

"थांबा भावजी. आधी मला घळीत जाऊन यायचंय."

पाटलाला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. "कुठल्या घळीत, वैनी?"

"कड्याच्या. समुद्र बघायचाय. दोर वळून तयार हाये माझा."

मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी म्हणालं, बाईमाणूस कड्यावर? कुणी म्हणालं, या वयात? पोरगा गेनू गयावया करू लागला, "आये, लोक काय म्हंतील?" तान्ही म्हणाली, "लोकांना म्हनायला तोंड दिलंय देवानं. मला बघायला डोळं दिल्यात. अजून दिसतंय तवर बघते."

पाटील वाईट माणूस नव्हता. पण गावापुढं कुणी उलट बोललं की त्याची जीभ सुटायची. तो म्हणाला, "वैनी, नेम तुला ठावं हाये. ज्याचं काही जातं त्यानंच दोर धरायचा. तुझा भाऊ न्हाई, नवरा न्हाई. तुझ्या वयाला तू पडलीस, तर कुनाचं काय जातं?"

 तान्हीनं एकेका तोंडाकडं बघितलं. याच्या बापाचा दोर तिनं वळला होता, त्याच्या आजाचा वळला होता. एकही नजर वर होईना. गेनूनं तर मान पार खाली घातली. तान्हीला कड्याची भीती वाटली नव्हती, माशांची वाटली नव्हती. पण त्या झुकलेल्या नजरांची वाटली. आपण खरंच कुणाच्या काही लागत नाही की काय, असं तिला वाटलं, आणि ते तिला सोसवेना.

तेवढ्यात मागून आवाज आला, "माझं जातं."

हिरू होती. पदर कमरेला खोचत ती पुढं आली. "माझं जातं, पाटील. हिच्याशी भांडल्याबिगर माझा दिस उगवत न्हाई. उद्या ही नसली तर मी भांडू कुनाशी? हिच्या पोराशी? त्याला भांडता तरी येतंय का?" गेनूकडं बघून गाव फिसकन हसलं. हिरू मात्र हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते. "आत्याबाई, उठा. दोर आना तुमचा. ते वासराचं दावं."

गावाला विचार करायला वेळ मिळू नये, म्हणून दोघी त्याच दुपारी कड्यावर गेल्या. मागोमाग अख्खं गाव गेलं. काठावरच्या अंजनीच्या झाडाला दोर बांधला आणि पुढं हिरूनं धरला. खुणा ठरलेल्या होत्या. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे वर ओढ. पाटील घोंगडी घेऊन तिथंही आला होता. म्हणाला, "उन्हात माशा जाग्या हायेत. निदान ही अंगावर घे."

तान्हीनं घोंगडी घेतली, चार पदरी घडी केली आणि कड्याच्या काठावर अंथरली, जिथं दगडाची धार दोराला कापते नेमकी तिथं. तिच्यावरून दोर सोडला. "माशी चावली तर सुजंन. दोर तुटला तर समुद्र राहील," असं म्हणाली, कासोटा घट्ट केला आणि उतरली.

तिला बघून माशा उठल्या. काळं वादळच उठलं. खाली लटकलेली म्हातारी त्यांना म्हणाली, "बायांनो, तुमचं काई न्यायला न्हाई आले. नुसतं बघायला आले." तेव्हा त्या माशा तिच्या अंगाखांद्यावर दाट बसल्या आणि एकीनंही नांगी मारली नाही, असं म्हणतात. तिच्या कपाळावर एक टेंगूळ मात्र शेवटपर्यंत होतं. त्याबद्दल विचारलं की ती विषय बदलायची.

उतरता उतरता दोर संपला. घळ पायाखाली दिसत होती, पण अजून दोन माणसांच्या उंचीएवढी खाली. चूक कुणाची म्हणाल तर तान्हीचीच. केरू सांगायचा, घळ चाळीस वाव खाली आहे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं माप. तान्हीनं चाळीस वाव मोजले होते, पण स्वतःच्या हातांनी. केरू ताडमाड उंच, आणि तिचे हात वर्षागणिक आखडत गेलेले. जन्मभर ज्याचा दोर त्याच्या हातानं मापणारी बाई, स्वतःच्या वेळी नवऱ्याचे हात किती लांब होते तेच विसरली. लटकल्या जागी ती स्वतःला हसली आणि दोन हिसके दिले.

वर पाटील ओरडला, "दोर संपला. वढा तिला वर!"

हिरूचे तळवे सोलून निघाले होते. ती म्हणाली, "तीन हिसके आले का? न्हाई आले. मग वढायचं न्हाई. दोर आना."

दोर कुठून आणणार? वापरातले सगळे दोर मोसमाआधी तेलपाण्यात भिजत पडलेले. कोरडे होते ते फक्त देवळातले. आणि टांगलेला दोर पुन्हा कड्यावर न्यायचा नसतो, असा नेम. गर्दीच्या कडेला घोंगड्या पांघरून म्हातारे बसले होते. त्यांतला नथूबाबा उठला. त्यानं घोंगडी खांद्यावरून खाली टाकली आणि देवळाकडं चालू लागला.

"नथूबाबा, नेम हाये!" पाटील म्हणाला.

"नेम मेलेल्यांच्या दोराला आसंल," नथूबाबा वळून म्हणाला. "माझा दोर मागतोय मी. म्या काय मेलोय व्हय?"

मग एकामागून एक घोंगड्या खाली पडल्या. ते सगळे म्हातारे धावत देवळात गेले. कितीतरी वर्षांत धावली नव्हती ती माणसं. असं म्हणतात की नथूबाबाचा हात तुळईला पोचायच्या आतच वरची एक गुंडाळी आपोआप सुटली आणि त्याच्या खांद्यावर पडली. त्याचा दोर नव्हता तो. केरूचा होता. मला विचाराल तर नथूबाबा कुणाच्या तरी पाठीवर चढला असणार आणि अंधारात हाताला लागला तो दोर त्यानं ओढला असणार. पण गावाच्या विरुद्ध मी बोलत नाही. केरूनं दाखवीन म्हणून शब्द दिला होता, एवढं खरं.

म्हाताऱ्यांनी भार पेलून धरला, केरूचा दोर तान्हीच्या दोराला जोडला आणि हिरूनं हलके हलके सोडला. तान्हीचे पाय घळीत टेकले. तिनं वळून पाहिलं, आणि डोंगरांच्या रांगांपलीकडं समुद्र होता. सूर्य त्यात उतरत होता. तान्ही मोठ्यानं रडली. इतक्या वर्षांचं सगळं रडली. शेवटचा उजेड जाईपर्यंत ती तिथून हलली नाही. वरची माणसंही हलली नाहीत. मग तीन हिसके आले.

वर आल्यावर पाटलानं हळूच विचारलं, "दिसला का, वैनी?"

"दिसला. माझा नवरा खोटं बोलला, भावजी. म्हने ताटाएवढा! ताटात मावतोय व्हय तो?"

पाटलानं काठावरची घोंगडी उचलली. दोरानं घासून घासून तिला मधोमध भोक पडलं होतं. तान्हीनं त्या भोकातून हात घातला, पलीकडून बोटं हलवून दाखवली आणि म्हणाली, "ही फाटली. दुसरी विणायला टाका. कितीबी वेळ लागू दे, मला घाई न्हाई."

त्यानंतर ती दर दसऱ्याला उतरायची. नथूबाबालाही उतरवून आणला. घरी हिरूशी भांडण पहिल्यासारखंच चालू राहिलं. आणि एका वर्षी तीन हिसके आले, दोर ओढला, तर तो हलका लागला. टोकाला तान्ही नव्हती. दोर तुटला नव्हता, कापला नव्हता. गाठ हातानं, सावकाश सोडवलेली होती. कुणी म्हणतात, ती घळीतच बसली आहे. खालच्या कोकणातली माणसं म्हणतात, कपाळावर टेंगूळ असलेली एक म्हातारी आली होती, समुद्राची वाट विचारत होती, आणि तिला बसायला पाट दिला तर ती बसली नाही.

आजही उंबरदरीत दसऱ्याला म्हाताऱ्या माणसाला घोंगडी देतात. पण खांद्यावर घालत नाहीत. माणसाला कड्याच्या काठावर नेतात, घोंगडी तिथं चार पदरी अंथरतात आणि विचारतात, "काय राहिलंय?" काही नाही म्हणालं तर कुणी विश्वास ठेवत नाही, पुन्हा विचारतात. बहिरू पाटलाची पाळी आली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मला पोहता येत न्हाई." त्याला पोहायला शिकवताना सगळं गाव कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं होतं म्हणतात, आणि हिरू सगळ्यांत पुढं.

माणसानं मनातलं सांगितलं की गावातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा माणूस पाटलाचा तोच जुना प्रश्न विचारतो, "पडलास तर कुनाचं काय जातं?" तो प्रश्न गावानं मुद्दाम ठेवला आहे, विसरू नये म्हणून. मग कड्यावर उभं असलेलं सगळं गाव, लहानथोर, एका तोंडानं ओरडतं, "आमचं जातं!" आणि दोराला हात घालतं.