चांदीची गोष्ट

रान अजून दाट होतं, तेव्हाची ही गोष्ट. म्हशींच्या कळपात रिवाज होता. पाणवठ्यावर वाघ आला, की जिची पाळी असेल तिनं पुढं जायचं आणि बाकीच्यांनी पळायचं. चांदी अशीच गेली होती. तिची गोष्ट रेडकांना रोज सांगत.

यंदा पाळी मोरीची होती. वाघ आला, पण ती जागची हलली नाही.

"अगं, चांदी कशी हसत गेली!" म्हातारी भुरी म्हणाली.

"हसताना पाहिलंस, आजी? तू तर पळत होतीस."

भुरी येऊन मोरीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. एकेक करत सगळ्याच आल्या. एवढी शिंगं पाहून वाघ माघारी फिरला.

संध्याकाळी रेडकांनी चांदीची गोष्ट मागितली.

"सांग आजी," मोरी म्हणाली. "पण तेव्हा तुम्ही सगळ्या कुठं होता, तेही सांग."